परसबागेतल्या चावऱ्या माश्या: नेमकी कोणती, येते कुठून आणि चावल्यावर काय करायचं

पावसानं उघडीप दिली, ऊन पडलं आणि खुरपं घेऊन परसात उतरलं की मानेवर नाहीतर पोटरीवर कचकन काहीतरी चावतं. हात नेईपर्यंत रक्ताचा थेंब आलेला असतो. तासाभरात गांध उठते, दुसऱ्या दिवशी सूज चढते आणि खाज काही दिवस पाठ सोडत नाही. आषाढात सुरू होणारा हा त्रास पोळ्याच्या सुमाराला भरात येतो. आमच्या परभणी-नांदेडकडं कालव्याकाठच्या गावांत तर नवरात्र आलं तरी तो पुरता थांबत नाही. मग घरात शेतासाठी आणलेलं एखादं औषध असतंच, ते आवारभर फवारलं जातं. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी माश्या परत हजर.

हे दरवर्षी असंच होतं याचं कारण सरळ आहे. परसात चावणाऱ्या मोठ्या माश्या मुख्यतः दोन जातकुळीच्या असतात. दोघींची पैदास वेगळ्या ठिकाणी होते, चावायच्या वेळा वेगळ्या, अंगावरची जागासुद्धा वेगळी. एकीवरचा इलाज दुसरीला लागू पडत नाही. त्यामुळं औषधाच्या दुकानात जाण्याआधी चावलं कोणी, एवढं पक्कं करून घ्या.

मारलेली माशी फेकू नका

ती पांढऱ्या कागदावर ठेवा, मोबाईलनं जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. पंखांची एकच जोडी असेल तर ती माशी. दोन जोड्या आणि बारीक कंबर असेल तर ती गांधीलमाशी, कुंभारीण किंवा मधमाशी. बसलेल्या गांधीलमाशीचे पंख एकमेकांत अडकून एकच जोडी असल्यासारखे दिसतात, म्हणून कंबर जरूर बघा. या मंडळी नांगी मारतात, रक्त पीत नाहीत. त्यांचं पोळं कुठं आहे हे शोधणं हा निराळा विषय आहे.

आता खऱ्या माश्या. पहिली गोमाशी, काहीजण तिला घोडमाशी म्हणतात. दीड-दोन सेंटिमीटर लांब, काही त्याहून मोठ्या, अंगानं दणकट, रंग करडा किंवा तपकिरी. अंगाभोवती घिरट्या घालताना घूं असा जाड आवाज येतो. डोकं जवळजवळ छातीइतकं रुंद असतं आणि त्या डोक्याचा बहुतेक भाग डोळ्यांनीच व्यापलेला असतो. जिवंतपणी हे डोळे हिरवट चमकतात, काही जातींत त्यांवर जांभळट आडवे पट्टे दिसतात. मेल्यावर हा रंग लवकर उडतो, म्हणून फोटो लगेच काढायचा. दोन डोळ्यांच्या मध्ये फट असेल तर ती मादी, डोळे एकमेकांना टेकलेले असतील तर नर. तुम्हाला चावलेल्या प्रत्येक गोमाशीच्या डोळ्यांत फट सापडेल, कारण चावते ती फक्त मादी. अंडी तयार व्हायला तिला रक्त लागतं. नर बिचारा फुलांतल्या रसावर जगतो.

गोमाशी डासासारखी सोंड अलगद खुपसत नाही. तिच्या तोंडात धारदार पाती असतात. त्यांनी ती कातडी कापते, जखमेत रक्त साचू देते आणि ते चाटून पिते. म्हणूनच डास चावल्याचं नंतर कळतं आणि गोमाशी चावल्याची कळ तत्क्षणी डोक्यात जाते. रक्त गोठू नये म्हणून ती लाळ सोडते आणि पुढची गांध, सूज, खाज हे सगळं आपल्या शरीरानं त्या लाळेला दिलेलं उत्तर असतं.

हिच्याच गोतावळ्यात दोन लहान माश्या येतात. एकीच्या पंखांवर गडद काळसर पट्टे असतात आणि ती डोक्याभोवती, मानेवर घुटमळते. दुसरीचे पंख राखाडी, ठिपक्या-ठिपक्यांचे असतात, बसल्यावर ते ती पाठीवर उतरते धरते आणि आवाज न करता येऊन चावते. तिघींवरचे उपाय एकच असल्यानं त्यांत फार खोल जायची गरज नाही.

दुसरी जातकुळी गोठ्यातल्या चावऱ्या माशीची. हिच्याबाबत सगळ्यात जास्त फसगत होते, कारण ती दिसायला थेट घरमाशी. तेवढाच आकार, तोच करडा रंग. लोक म्हणतात, "पाऊस पडायलाय म्हणून घरातल्या माश्या चावायल्यात." घरमाशीला चावताच येत नाही. तिचं तोंड मऊ, स्पंजसारखं चोखणारं असतं. चावणाऱ्या माशीचा फोटो बाजूनं काढून बघा. डोक्याखालून काळी, टोकदार सोंड दाभणासारखी सरळ पुढं आलेली दिसेल. पोटाच्या वरच्या बाजूला गडद ठिपके असतात. भिंतीवर, खांबावर बसताना ती बहुधा डोकं वर करून बसते. या जातीत नर आणि मादी दोघंही रक्त पितात. त्यांची आवडती जागा म्हणजे घोटा आणि पोटरी. पातळ मोज्यातून, सलवारीतूनसुद्धा चावतात. जनावरं दिवसभर पाय आपटत असतील, तर आजूबाजूला हीच माशी आहे असं समजा.

काही निरपराध जीव मात्र उगाच मारले जातात. लांबट अंगाची, तोंडावर दाढीसारखे केस असलेली एक मोठी माशी काठीच्या टोकावर बसून उडते किडे पकडते. ती शिकारी माशी, आपली मित्र आहे. फुलांसमोर हवेत एका जागी तरंगणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी परागीकरण करते, तिच्या काही जातींच्या अळ्या मावा खातात. बांबूत भोक पाडणारा काळा भुंगा आवाजानं भीतिदायक वाटतो, पण छेडला नाही तर काही करत नाही. कुत्र्याच्या किंवा बैलाच्या अंगावर केसांत आडवी सरकणारी, चपटी, चिमटीत सहज न चिरडणारी माशी वेगळी. ती जनावराला चिकटून असते, परसात माणसाच्या मागं लागत नाही.

माशी हाती लागलीच नाही तर दोन प्रश्न विचारा. भर उन्हात, उघड्यावर, पाठ-मान-दंडावर चावलं आणि रक्त आलं? बहुतेक करून गोमाशी. सकाळी किंवा दुपार कलताना, गोठ्याजवळ, उकिरड्याजवळ, गुडघ्याखाली पुन्हा पुन्हा चावलं? गोठ्यातली माशी. तिन्हीसांजेला, दिसेनासं काहीतरी चावून अंगभर बारीक पुरळ आलं असेल तर ती चिलटं किंवा डास.

गोठ्यातल्या माशीचं माहेर

हिचा बंदोबस्त खरोखर आपल्या हातात आहे, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

निव्वळ ताज्या शेणापेक्षा तिला लागतं ते ओलं, कुजत चाललेलं गवत-काडी आणि त्यात मिसळलेलं शेण-मूत. अशी जागा बहुतेक आवारांत असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. गव्हाणीच्या खाली आणि मागच्या बाजूला सांडलेली वैरण महिनोन्‌महिने तुडवली जाते. वरून कोरडी दिसते, पण काठीनं उकरलं तर खाली काळपट, ओला, आंबूस वासाचा थर निघतो आणि त्यात पांढुरक्या अळ्या वळवळत असतात. कडब्याच्या गंजीचा पावसानं भिजलेला तळ, मुरघासाच्या खड्ड्याचा उघडा राहिलेला काठ, कोंबड्यांच्या खुराड्याखालची घाण, या पण तशाच जागा. गुरं नसलेल्या घरीसुद्धा ती होते. लॉनचं कापलेलं गवत आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कोपऱ्यात ढीग करून टाकला की तिचं भागतं.

उसाचं पाचट आच्छादन म्हणून वापरणं चांगलंच आहे. ते कोरडं असेपर्यंत काही होत नाही. त्यावर शेणाची स्लरी ओतून सतत ओलं ठेवलं तर मात्र माशीला आयतं घर मिळतं. ब्राझीलमध्ये ऊसपट्ट्यात आसवनीचं सांडपाणी पाचट पसरलेल्या शेतात सोडल्यामुळं या माशीचे मोठे उद्रेक झाले, आसपासच्या गुरांचं जगणं अवघड झालं. लातूर-धाराशिवकडं ऊस जिथं वाढलाय, तिथल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं.

उष्ण दिवसांत अंड्यापासून पंखवाली माशी व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे आठवड्यातून दोनदा त्या ओल्या जागा खरवडून काढल्या तर पिढी पूर्णच होत नाही. काढलेला माल ऊन असेल तर पातळ पसरून वाळवा. सुकला की अळी मरते. ऊन नसेल तर नीट ढीग रचून त्यावर प्लास्टिकचा कागद घट्ट झाका, कडा मातीनं दाबा. आत कुजताना जी उष्णता तयार होते ती अळ्यांना सोसत नाही, शिवाय खतही लवकर होतं. गोठ्याच्या जमिनीला मूत वाहून जाईल असा उतार आणि नाली असेल तर निम्मं काम तिथंच होतं.

बऱ्याचदा उकिरडा शेजाऱ्यांचा असतो आणि माश्या आपल्याकडं येतात. आमच्या गल्लीत यावरून कुरबुरी होत. शेवटी मी शेजारच्या बापूंना त्यांच्याच गव्हाणीखालचा थर उकरून दाखवला. ते खाली बसून बघत राहिले आणि म्हणाले, "ह्या अळ्या व्हय! मला वाटलं, माश्या तुमच्या झाडांमुळं यायल्यात." मग त्यांनी आणि आमच्या पोरांनी मिळून जागा साफ केली, खाली मुरूम टाकला. म्हशीला पाय आपटताना बघून त्यांनाही वाईट वाटतच होतं, नेमकं कारण डोळ्यांनी दिसायला हवं होतं. शेजाऱ्यांशी बोलताना तक्रारीऐवजी अळ्या दाखवा.

गोमाशीचं तसं नाही

ती अंडी घालते पाण्याच्या किंवा चिखलाच्या कडेच्या पानांवर. अळ्या खाली ओल्या मातीत पडतात, चिखलातले इतर किडे खाऊन वाढतात आणि त्यांची वाढ कित्येक महिने चालते. कालव्याचा पाझर, ओढ्याचा काठ, पाणकणीस आणि बेशरम माजलेले चर, दलदल झालेली बांधाची कड, ही तिची ठिकाणं. जायकवाडीच्या कालव्यांनी जालना, परभणी भागात पाणी नेलं तसे त्यांच्या कडेचे पाझरही आले, आणि आपली काळी माती ओल धरून ठेवते. प्रौढ माशी लांबवर उडत येते. त्यामुळं तिची पैदास संपवणं एका घराच्या आवाक्यातलं नाही. तुमच्या आवारात नळ गळून कायम चिखल राहत असेल, सांडपाण्याचा खड्डा उघडा असेल तर तो जरूर दुरुस्त करा, डासही कमी होतील. पण ओढ्याच्या काठावर विष ओतायचा विचारसुद्धा करू नका. मासे, बेडूक, चतुर मरतील. चतुर तर उडत्या गोमाश्या पकडून खातो.

परसात फवारणी करून ती का जात नाही, हेही यातून कळतं. ती पानावर राहायला येत नाही, रक्तापुरती येते आणि जाते. फवाऱ्यात मरतात त्या मधमाश्या, आणि विषाचा अंश राहतो मेथी-पालकावर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. शेतातलं औषध अंगणात, गोठ्यात किंवा जनावराच्या अंगावर वापरू नये.

गोमाशीपासून स्वतःला वाचवणं हाच खरा मार्ग आहे आणि त्यात तिच्या सवयी कामाला येतात. ती नजरेनं शिकार शोधते. गडद रंग, हलणारी आकृती, अंगाची ऊब आणि श्वास यांकडं ती ओढली जाते. काळ्या, चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश तिला पाण्यासारखा भासतो, म्हणून शेततळ्याचा काळा कागद, काळी पाण्याची टाकी, उन्हात उभी असलेली काळी गाडी यांच्याभोवती ती घिरट्या घालते. परसात काम करताना पांढरे किंवा फिके, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. काळा आणि गडद निळा रंग टाळा. डोक्याला पांढरा रुमाल किंवा टोपी, मान झाकेल अशी. कापड अंगाला चिकटलेलं असलं तर ती त्यातूनही चावते.

बहुतेक गोमाश्या कडक उन्हात जोरात असतात आणि सावलीत, अंधाऱ्या गोठ्यात सहसा शिरत नाहीत. खुरपणी, पाणी घालणं, तोडणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. जनावरंही भर दुपारी छपराखाली घ्या. ओसरीवर बसायचं असेल तर पंखा लावा. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर गोठ्यात संध्याकाळी थोडा वेळ केला तर माश्या हटतात, पण बंद खोलीत किंवा दम्याच्या माणसाजवळ तो नको. डासांसाठीचं डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं मलम उपयोगी आहे, मात्र गोमाशीवर ते डासांइतकं चालत नाही, हे गृहीत धरून कपड्यांवर जास्त भर द्या. लिंबोळी तेल, सिट्रोनेला यांचा परिणाम थोडाच वेळ टिकतो, घामात तर लगेच ओसरतो. रात्री लावायचे निळ्या दिव्याचे विजेचे सापळे इथं वाया जातात, कारण या माश्या दिवसा उडतात.

सापळा करायचाच असेल तर काळ्या चेंडूचा करा. मोठा, चकचकीत काळा चेंडू, फुटबॉलपेक्षा मोठा असला तर उत्तम, उन्हात दोरीनं असा टांगा की वाऱ्यानं हलेल. त्यावर पिवळ्या-निळ्या सापळ्यांना लावतात तो चिकट पदार्थ किंवा ग्रीसचा हात फिरवा. माणसं वावरतात तिथून तो दूर, आणि ओढा किंवा कालवा ज्या बाजूला आहे त्या बाजूला असावा. चिमण्या, सरडे चिकटतील अशा ठिकाणी, झाडाच्या फांदीला लागून तो टांगू नका आणि रोज एकदा बघत जा. याने माश्या संपत नाहीत, पण आवारातल्या कमी होतात.

चावल्यानंतर

आधी साबण आणि स्वच्छ पाण्यानं जागा धुवा. गोमाशीची जखम कापलेली असते, त्यामुळं हे पहिलं काम चुकवू नका. मग कापडात बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी दहा-पंधरा मिनिटं धरा. पाय सुजला असेल तर उशीवर उंच ठेवा. खाजेसाठी कॅलामाइन लोशन पुरतं. खाज फारच असेल तर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम दोन-तीन दिवस, फुटलेल्या कातडीवर मात्र नाही. सेटिरिझिनसारखी गोळी मोठ्या माणसांना चालते, पण झोप येते, तेव्हा गाडी चालवू नका. लहान मुलांना, गरोदर बाईला कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" म्हणून मिळणाऱ्या मलमांत जोरदार स्टेरॉइड असू शकतं, ते नाव वाचल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

चुना, रॉकेल, टूथपेस्ट, शेण यांतलं काहीही जखमेवर नको. चुन्यानं कातडी भाजते, आणि शेणातून धनुर्वाताचे जंतू जखमेत जाऊ शकतात. धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत घेतली नसेल तर घेऊन टाका, परसात काम करणाऱ्याला ती तशीही हवी.

सूज पहिल्या चोवीस तासांत वाढली तरी घाबरायचं कारण नाही, ती ॲलर्जीची असते आणि तिच्यात खाज जास्त असते. पेनानं लालीच्या कडेवर रेघ मारून ठेवा. दोन-तीन दिवसांनी लाली रेघेपलीकडं पसरत असेल, जागा गरम लागत असेल, खाजेऐवजी ठणका असेल, पू किंवा ताप आला असेल, किंवा वरच्या दिशेनं लाल रेघ सरकताना दिसली, तर जंतुसंसर्ग झालाय. मग दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्यांनी पायावरचा चावा पहिल्या दिवसापासून रोज बघावा.

ओठ, जीभ, चेहरा सुजणं, श्वास कोंडणं, अंगभर गांधी उठून चक्कर येणं, हे क्वचितच होतं, पण झालं तर एक मिनिटही थांबू नका. १०८ ला फोन करा आणि माणसाला आडवं झोपवून पाय उंच करा. श्वास लागत असेल तर टेकून बसवा.

या माश्यांमुळं रोग होतो का, असं बाया हमखास विचारतात. आपल्याकडं माणसाला मुख्य धोका जखम चिघळण्याचा आणि ॲलर्जीचा. गुरांचं मात्र तसं नाही. गोमाशी एका जनावरावरून उठून दुसऱ्यावर बसते आणि तोंडाला लागलेल्या रक्तातून सर्रा रोगाचा परजीवी पोचवते. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथं आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा ओळखला. येऊन-जाऊन ताप, रक्त कमी होणं, खंगत जाणं, पायांवर सूज, दूध आटणं अशी लक्षणं दिसली तर पशुवैद्यकांकडून रक्त तपासून घ्या. माणसाला तो होण्याची घटना अतिशय दुर्मीळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झाल्याची नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या रक्तात या परजीवीला मारणारा नैसर्गिक घटकच नव्हता आणि सुरामिन या औषधानं तो बरा झाला. २०२२ मध्ये लंपीनं आपल्या दावणी कशा रिकाम्या केल्या ते सगळ्यांना आठवत असेल. त्या रोगाच्या प्रसारातही चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांचा हात असतो. म्हणून लसीकरणाबरोबर गोठ्याची सफाई तितकीच महत्त्वाची. जनावराच्या अंगावर लावायचं माशीचं औषध पशुवैद्यकांकडूनच घ्या आणि त्यानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही ते विचारून घ्या.

जपानमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवून बघितले, तर चावणाऱ्या माश्या जवळपास निम्म्यानं घटल्या. काळी म्हैस असेल आणि पोळ्याचा, जनावराला न बाधणारा पांढरा रंग शिल्लक असेल तर करून बघण्यासारखं आहे.

एवढं करूनही माशी ओळखता आली नाही, तर चार-पाच माश्या छोट्या बाटलीत सॅनिटायझरमध्ये बुडवून ठेवा, बाहेर गाव, तारीख आणि कुठं चावली याची चिठ्ठी चिकटवा आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्र विभागात दाखवा. चिरडलेली माशी नेली तर त्यांनाही नीट सांगता येत नाही, म्हणून पकडताना झटका मारण्याऐवजी वरून पेला पालथा घाला.